आठ तास शिजूनही मांस चिवट : स्लो कुकरमधला बीफ स्ट्यू पुन्हा पुन्हा का बिघडतो

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. सकाळी सात वाजता मांस, बटाटे, गाजर, पाणी सगळं स्लो कुकरच्या, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या कुकरच्या, भांड्यात भरलं, खटका 'लो'वर फिरवला आणि कामाला गेलो. संध्याकाळी झाकण काढलं तर मांस दाताखाली रबरासारखं, गाजर अर्धं कच्चं आणि तळाशी फिकं पाणी. पुढच्या रविवारी पाणी वाढवलं, मसाला दुप्पट घातला, तरी पुन्हा तेच. अमेरिकेत ओहायोत शिकायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात माझाही स्ट्यू सलग पाच-सहा वेळा असाच बिघडला होता. सहा जणींचं जेवण, महिन्याचे पैसे मोजके, बाहेर गुडघाभर बर्फ. एवढं मांस टाकून देणं परवडायचं नाही, म्हणून आम्ही ते तसंच खायचो. आता नव्यानं आलेली मुलं-मुली तेच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा हात प्रेशर कुकरवर बसलेला असतो. मटण म्हटलं की इतक्या शिट्ट्या, मग गॅस बारीक, वाफ जिरली की झालं. त्यात महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिथून आलेल्या आणि इथे हे मांस खायला लागलेल्या मुलांना ते शिजवण्याचं घरचं वळण नसतं. मटणाचंच वळण बीफला लावलं जातं. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. स्लो कुकरमध्ये ते कधीच १०० ओलांडत नाही, आणि ९०च्या पुढे पोचायलाच काही तास लागतात. शिवाय तिथे वाफ बाहेर पडते, इथे झाकणाला थेंब लागून परत भांड्यातच पडते. पुढच्या बहुतेक चुका या फरकातून येतात.

आधी ओळखा : चिवट आहे की कोरडं?

'मांस कडक झालं' असं सगळेच म्हणतात, पण त्यात दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एक तुकडा काढून काट्यानं दाबून बघा. काटा आत जात नाही, तुकडा दबून परत वर येतो, चावताना ताणला जातो, तर ते चिवट आहे, म्हणजे अजून शिजायचं आहे. काटा सहज जातो, तुकड्याचे धागे सुटतात, पण तोंडात ते धागे भुशासारखे कोरडे लागतात, तर त्या मांसात विरघळण्यासारखं काही नव्हतं किंवा ते फार वेळ शिजलं.

चिवटपणाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जनावराचे जे स्नायू सतत काम करतात, म्हणजे खांदा, मान, पाय, त्यांत पांढरे पडदे आणि दोरे जास्त असतात. ते कोलॅजनचे असतात. मांस तापून ६० ते ६५ अंशांच्या पुढे गेलं की स्नायूंचे धागे आक्रसतात आणि रस बाहेर ढकलतात. कोलॅजन मात्र त्या वेळी तसंच घट्ट असतं. ते वितळून जिलेटिन व्हायला ८० अंशांच्या वर बराच वेळ लागतो. म्हणजे मधले दोन-तीन तास असे असतात की मांस कच्च्यापेक्षाही चिवट लागतं. नेमकं त्याच वेळी कुणीतरी झाकण उघडून एक तुकडा चाखतं, 'जास्त शिजून कडक झालं' असं समजतं आणि कुकर बंद करतं. मी स्वतः दोनदा तसा बंद केला होता. आणखी दोन तास थांबले असते तर त्याच मांसाचे तुकडे चमच्यानं मोडले असते.

म्हणून संध्याकाळी मांस चिवट निघालं तर पहिला उपाय हाच : झाकण लावा, 'हाय' करा आणि तास-दीड तास हात लावू नका. पाहुणे दारात असतील तर सरळ सगळं मांस थोड्या रश्श्यासकट प्रेशर कुकरमध्ये घाला, शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर पंधरा मिनिटं ठेवा आणि परत स्ट्यूत मिसळा. यात लाजण्यासारखं काही नाही. भाज्या मात्र त्यात घालू नका, त्यांचा लगदा होतो.

'लो' आणि 'हाय' यांबद्दलही गैरसमज आहे. बहुतेक कुकरांमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या खालच्या साधारण त्याच तापमानाला पोचतात. फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा असतो. चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे 'लो'वर आठ ते नऊ तास घेतात, 'हाय'वर पाच ते सहा. 'वॉर्म' हे शिजवण्यासाठी नसतंच. शिजलेलं गरम ठेवायला ते आहे. सकाळी घाईत खटका 'वॉर्म'वर गेला आणि दिवसभर तसाच राहिला, तर ते अन्न खाऊ नका. कच्चं मांस तासन्‌तास कोमट राहिलेलं असतं.

आणि झाकण. आपल्याला ढवळण्याची, वास घेण्याची, मीठ बघण्याची सवय असते. स्लो कुकरला खालून मोठी आच नसते, त्यामुळे एकदा झाकण उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीसएक मिनिटं जातात. दिवसात तीनदा उघडलंत तर तुमचे आठ तास सातच उरले. झाकण काचेचं असेल तर त्यावरचे थेंब झटकण्यासाठीसुद्धा उचलू नका.

गोठलेलं मांस थेट घालणं हेही चिवटपणाचं एक मोठं कारण आहे, आणि ते धोक्याचंही आहे. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जीवाणू झपाट्यानं वाढतात, आणि गोठलेला गोळा त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो. अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना स्पष्ट आहे : स्लो कुकरमध्ये घालण्याआधी मांस पूर्ण वितळलेलं हवं. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा.

स्वस्त मांस कुठलं, आणि स्वस्त वाटणारं कुठलं

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली खरी चूक दुकानातच झाली होती. 'स्ट्यू मीट' असं लिहिलेलं, आयते चौकोनी तुकडे केलेलं पाकीट मी उचलायचे. नावातच स्ट्यू, मग बरोबरच असणार. त्या पाकिटात दुकानदाराच्या कापणीतले उरलेले वेगवेगळ्या भागांचे तुकडे असतात, आणि त्यांत मांडीचा, म्हणजे 'राउंड'चा, लाल, बिनचरबीचा भाग बऱ्याचदा जास्त असतो. एकाच भांड्यात काही तुकडे चार तासांत कोरडे पडतात आणि काही आठ तासांनीही ताणले जातात. कितीही वेळ ठेवलं तरी एकसारखं शिजत नाही, कारण ते एक मांस नसतंच. शिवाय कापण्याची मजुरीही आपल्याकडूनच घेतलेली असते.

त्याऐवजी अखंड 'चक रोस्ट' घ्या. हा खांद्याचा भाग. आतून पांढऱ्या रेषा, पडदे, चरबीचे पट्टे दिसले पाहिजेत. आपण मटण घेताना जे 'जरा साफ करून द्या' म्हणतो, ते इथे म्हणायचं नाही. तेच पडदे नंतर रश्श्याला अंग देतात. घरी आणून धारदार सुरीनं मोठे तुकडे करा, निदान चार सेंटिमीटरचे. रश्श्यातल्या मटणासारखे लहान केले तर बाहेरून कोरडे पडतात. वरचा जाड चरबीचा थर काढून टाका, आतला राहू द्या.

चकपेक्षाही कमी पैशांत करायचं असेल तर पायाची नळी, म्हणजे 'शँक'. मेक्सिकन दुकानात 'चांबारेते' म्हणून आडवी कापलेली, मधे हाड असलेली चकती मिळते. हलाल दुकानात सांगितलं तर तशीच कापून देतात. हाडाचं वजन धरूनही ती मला परवडते, कारण जिलेटिन सर्वांत जास्त तिच्यातच, आणि नळीतला मगज विरघळून रस्सा असा होतो की वेगळा स्टॉक विकत आणावा लागत नाही. तिला वेळ मात्र जास्त लागतो, 'लो'वर दहा तास धरा. मटणाची नळी ज्यांना आवडते त्यांना हिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. दीड पौंड चक आणि एक नळी, हे माझं नेहमीचं.

बीफ स्वस्त राहिलेलं नाही, हेही खरं आहे. लागोपाठच्या दुष्काळांत चारा महागला, पशुपालकांनी गाई विकल्या, आणि २०२४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या गुरांची एकूण संख्या १९५१नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर आली होती. कळप परत वाढायला वर्षं लागतात. त्यामुळे जुन्या कृतींत सहा जणांना तीन पौंड मांस लिहिलेलं असलं तरी मी दोनच पौंड घेते आणि उरलेली जागा जवानं भरते. 'पर्ल बार्ली' म्हणून सालं काढलेले जव मिळतात. अर्धी वाटी घातले की ते रस्सा पितात, फुगतात, पोट भरतं आणि दाटपणाही येतो. बटण मशरूम चार तुकडे करून घातले तर मांस कमी असल्याचं जाणवतही नाही. मांसाच्या कपाटात सकाळी लवकर गेलात तर शेवटच्या तारखेचं, किंमत उतरवलेलं पाकीट मिळतं. ते त्याच दिवशी शिजवा किंवा गोठवा.

रस्सा पाणचट होतो

पाणी जास्त पडतं, एवढंच कारण आहे. आपण मटणाला घालतो त्या अंदाजानं पाणी घालतो, पण स्लो कुकरमध्ये ते आटत नाही. उलट मांस, कांदा आणि मशरूम स्वतःचं पाणी सोडतात, म्हणजे संध्याकाळी रस्सा सकाळपेक्षा जास्त निघतो. पाणी मांसाच्या वर येता कामा नये. तुकड्यांची डोकी वर दिसत राहिली पाहिजेत. जव घालणार असाल तरच दीड-दोन वाट्या जास्त.

आधीच पातळ झालेला स्ट्यू वाचवायचा असेल तर दोन-तीन डाव रस्सा छोट्या पातेल्यात काढा आणि गॅसवर खळखळ उकळा. दोन मोठे चमचे कॉर्नस्टार्च थंड पाण्यात कालवून त्यात घाला, दाट झालं की परत भांड्यात ओता. कालवलेलं पीठ थेट स्लो कुकरमध्ये ओतलं तर बऱ्याचदा ते नीट दाटत नाही आणि पिठूळ चव राहते, कारण त्याला उकळीची ऊब हवी असते. आणि इथल्या दुकानात 'कॉर्न फ्लोअर' लिहिलेलं पाकीट घेऊ नका. आपण घरी ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते इथलं 'कॉर्नस्टार्च'. इथलं कॉर्न फ्लोअर म्हणजे दळलेला मका, त्यानं रस्सा दाट होण्याऐवजी रवाळ होतो.

पीठ नको असेल तर चार-पाच शिजलेले बटाटे रश्श्यातच चिरडा. 'रसेट' जातीचे बटाटे आपोआप फुटून दाटपणा देतात. फोडी अखंड हव्या असतील तर 'युकॉन गोल्ड' किंवा लाल सालीचे घ्या. मी दोन्ही मिसळते.

मांस शिजलं, बटाटे-गाजर कच्चे

ऐकायला उलटं वाटतं, पण स्लो कुकरमध्ये कंदभाज्या मांसाच्याही मागे राहतात. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल व्हायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि भांड्यात वरच्या बाजूला ती सर्वांत उशिरा पोचते. आपण मांस तळाशी, भाज्या वर असं रचतो. उलट करा : बटाटे, गाजर तळाशी आणि कडेला, वर मांस.

दुसरं कारण आपल्या चवीत आहे. आपल्याला आंबटपणा हवा असतो, म्हणून सुरुवातीलाच टोमॅटोचा डबा, चिंच किंवा कोकम पडतं. आम्लात पेक्टिन सैल होत नाही, भाज्या टणक राहतात. दोन चमचे टोमॅटो पेस्टनं काही बिघडत नाही, पण डबाभर टोमॅटो, व्हिनेगर, चिंच हे सगळं शेवटच्या अर्ध्या तासात. गोठवलेले मटार तर वाढायच्या दहा मिनिटं आधी.

चवच लागत नाही

इथे मात्र कष्ट वाचवता येत नाहीत. मांसाचा खरपूस वास, तपकिरी रंग यांना १४० अंशांच्या पुढची कोरडी उष्णता लागते, आणि स्लो कुकरमध्ये ती कधीच नसते. आपण मटण कांद्यावर चांगलं परततो, मग हेच मांस कच्चं का टाकायचं? जाड बुडाच्या तव्यावर किंवा कढईत थोडं तेल कडकडीत तापवा. तुकडे कागदानं कोरडे पुसा, मीठ लावा आणि थोडे थोडे, एकमेकांना न चिकटवता ठेवा. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतात. तीन-चार मिनिटं हलवू नका, तळाला गडद थर येऊ द्या. एकाच बाजूला खरपूस झाले तरी पुरे, आणि सकाळी वेळ नसेल तर निम्मेच तुकडे भाजा. त्याच तव्यात कांदा, मग टोमॅटो पेस्ट परतून घ्या, आणि शेवटी एक वाटी पाणी ओतून तव्याला चिकटलेलं सगळं उलथण्यानं खरवडून भांड्यात घ्या. खरी चव त्या खरवडीत असते. हे सगळं आदल्या रात्री करायचं असेल तर मांस पूर्ण शिजवा किंवा सकाळीच भाजा. अर्धवट भाजलेलं मांस रात्रभर ठेवू नका.

मसाल्याचा हात आवरता घ्या. लवंग, दालचिनी, मसाला वेलची आठ तास पाण्यात राहिली की दुसरं काहीच लागत नाही. एक तमालपत्र, आठ-दहा मिरे, थोडा थाईम, एवढं बास. गोडा किंवा गरम मसाला हवाच असेल तर शेवटी पाव चमचा. फिकेपणाला बहुतेक वेळा मसाल्याची गरज नसते, मीठ आणि आंबट कमी पडलेलं असतं. वाढण्याआधी मीठ चाखा, एक चमचा व्हिनेगर आणि एक चमचा सोया सॉस घाला, ढवळा, पुन्हा चाखा. सोया सॉस म्हटल्यावर काहीजण दचकतात, पण त्याची वेगळी चव लागत नाही, मांसाचीच चव खोल होते.

राजमा घालू नका, निदान कच्चा तरी

पैसे वाचवायचे म्हणून भिजवलेला राजमा स्ट्यूत टाकायची कल्पना प्रत्येकाला कधीतरी सुचते. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. ते जोरदार उकळीनंच निकामी होतं, स्लो कुकरच्या उबेनं होत नाही, आणि अशा राजम्यानं काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. भिजवलेला राजमा, पाणी बदलून, आधी अर्धा तास खळखळ उकळून घ्या, किंवा नेहमीसारखा प्रेशर कुकरला लावा, मगच घाला. डब्यातला शिजलेला राजमा चालतो. अख्ख्या मसुरीलाही मी शेजारी वेगळी उकळी काढून घेते.

या यंत्राची गोष्ट मात्र कडधान्यांपासूनच सुरू होते. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाच्या आईनं त्याला व्हिल्ना शहरातली (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) एक आठवण सांगितली होती : शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मांस, घेवड्यासारखी कडधान्यं आणि भाज्यांचं 'चोलंत'चं भांडं बेकरीच्या विझत जाणाऱ्या भट्टीत रात्रभर ठेवायचं. त्यावरून त्यानं विजेचं भांडं बनवलं, १९४०मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि ते 'नॅक्सन बीनरी' नावानं विकलं गेलं. १९७०मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१मध्ये तेच 'क्रॉक-पॉट' म्हणून घराघरांत गेलं. विझत्या भट्टीची सावकाश ऊब आणि कुणीही न उघडणारं झाकण, हीच त्याची पद्धत आहे.

सगळं बरोबर करूनही बिघडतंय? कुकर तपासा

जुन्या वस्तूंच्या दुकानातून पाच-सात डॉलरला आणलेला कुकर असेल तर ही चाचणी जरूर करा. भांडं निम्म्याहून थोडं जास्त पाण्यानं भरा, झाकण लावून 'लो'वर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्याबरोबर स्वयंपाकाच्या थर्मामीटरनं तापमान मोजा. ८५ ते ९३ अंश सेल्सिअस, म्हणजे १८५ ते २०० फॅरनहाइट, आलं तर कुकर ठीक आहे. जास्त आलं तर तुमच्या कुकरला सांगितलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ द्या. कमी आलं तर तो वापरू नका. माझा पहिला कुकर ७४ला अडकला होता. पाच-सहा रविवार मी पाण्याला, मसाल्याला, स्वतःच्या हाताला दोष देत होते, तोवर ही साधी चाचणी केलीच नव्हती.

भांडं किती भरलंय हेही बघा. अर्ध्यापेक्षा कमी असेल तर लवकर शिजून कोरडं पडतं, काठोकाठ असेल तर तापायलाच दुपार होते. अर्धं ते दोन-तृतीयांश ठीक.

माझं प्रमाण

सहा क्वार्टच्या, म्हणजे साधारण साडेपाच लिटरच्या कुकरला, सहा जणांसाठी : दीड पौंड चक आणि अर्ध्या पौंडाची एक नळी, दोन मोठे कांदे, चार गाजरं, चार बटाटे, सेलरीच्या दोन काड्या, मूठभर मशरूम, अर्धी वाटी जव, सहा लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, दोन छोटे चमचे मीठ, तव्याच्या खरवडीसकट चार वाट्या पाणी. बटाटे-गाजर तळाशी, त्यावर जव आणि कांदा, वर भाजलेलं मांस, नळी मधोमध. 'लो'वर नऊ तास. नळी अजून घट्ट वाटली तर बाकीचं वाढा आणि तिला आणखी तासभर आत राहू द्या.

उरलेला स्ट्यू त्याच जड भांड्यात फ्रीजमध्ये ठेवू नका. चिनीमातीचं भांडं तासन्‌तास उबदार राहतं. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर बसलेला असतो, तो चमच्यानं काढून वेगळा ठेवा, बटाटे परतायला उत्तम. खालचा रस्सा जेलीसारखा थरथरला तर समजा, कोलॅजन नीट वितळलं होतं. परत गरम करताना स्लो कुकर नको, गॅसवर उकळी काढा. जवानं रस्सा पिऊन घेतलेला असतो, तेव्हा अर्धी वाटी गरम पाणी आणि चिमूटभर मीठ लागेल.